कंदील आणि हेडलाइट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो, शनिवारी सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला कधी चेलाडी फाट्यावर उभे राहून बघा. पुण्याकडून हमरस्त्यानं आलेल्या मोटारी एकामागून एक नसरापूरच्या दिशेला वळत असतात. कुणाला राजगड चढायचा असतो, कुणाला तोरणा. कुणी नुसतंच धरणाच्या पाण्याकाठी जेवायला निघालेलं असतं. काचा बंद, आत गाणी चालू. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, समोरून एक माणूस सायकलीला दुधाचे कॅन लटकवून डेअरीकडे निघालेला असतो. शाळेची पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून अर्धा रस्ता अडवून चालत असतात. एखादी म्हातारी दोन म्हशी घेऊन पलीकडच्या बांधावर जायला निघालेली असते आणि म्हशींना कसलीही घाई नसते. मध्येच एक बैलगाडी येते. तिच्यामागे पाच-सहा मोटारींची रांग लागते आणि मग हॉर्न सुरू होतात.

नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर असं करत हा रस्ता वेल्ह्याला जातो. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारनं आता राजगड केलं आहे. पण पन्नास वर्षांची जिभेची सवय एकदम मोडत नाही, म्हणून आज मी वेल्हेच म्हणणार आहे. तर या भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर ताशी चार किलोमीटरनं चालणारी बैलगाडी आणि ताशी ऐंशीनं धावणारी मोटार एकाच डांबरावरून जातात. त्यांनी एकमेकांना सांभाळून कसं जावं, एवढ्याच गोष्टीवर मला बोलायचं आहे.

मी काही वाहतूकतज्ज्ञ नाही. बी.ए. झालो, एका पतसंस्थेत नोकरी केली, मराठीत कविता लिहितो. तरी या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे मी तांगेवाल्याचा मुलगा आहे. दुसरं कारण सांगायला जरा अवघड आहे. ते पुढे येईल.

माझ्या लहानपणी अब्बांचा तांगा भोरच्या एस.टी. स्टँडबाहेर उभा असायचा. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानचं गाव. संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण गावाचं वळण बराच काळ संस्थानीच होतं. रस्ते अरुंद. समोरासमोर दोन वाहनं आली की एकाला चाक मातीत उतरवावंच लागायचं. आठवड्याच्या बाजाराला आलेली माणसं, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसं, सगळे अब्बांच्या तांग्यात बसायचे. पैसे नसतील तर सुगीला तांदूळ आणून द्यायचे. त्या आंबेमोहोराचा वास आमच्या घरात पुढे कित्येक दिवस राहायचा.

संध्याकाळचं एक काम माझ्याकडे होतं. मगरिबची अजान व्हायच्या आत कंदिलाची काच राखेनं घासून, वात कातरून, रॉकेल भरून ठेवायचं. तांग्याला दोन बाजूंना दोन दिवे होतेच. पण अब्बा एक कंदील मागे आसाखाली टांगायचे. त्याचा उजेड तो किती! घोड्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि हाकणाऱ्याला तर नाहीच नाही. मी एकदा विचारलं, "अब्बा, याच्यानं काहीच दिसत नाही. मग कशाला लावायचा?" अब्बा म्हणाले, "आपल्याला दिसावं म्हणून नाही रे. आपण दिसावं म्हणून."

त्या वेळी मला ते नीट समजलं नव्हतं. रात्रीच्या मुक्कामाच्या एस.टी.चा ड्रायव्हर मात्र ते जाणून होता. लांबून तो मिणमिणता ठिपका हलताना दिसला की तो दिवे मंद करायचा. घोडं बुजू नये म्हणून जवळ आल्यावर हॉर्न वाजवायचा नाही. अब्बा तांगा जमेल तितका कडेला घ्यायचे आणि एस.टी. पुढे जाताना दोघं एकमेकांना हात करायचे. या सगळ्याला दहा-पंधरा सेकंद लागायचे. त्यात कुणी कुणावर उपकार केले असं दोघांनाही वाटायचं नाही.

पुढे वडापच्या जीप आल्या, सहाआसनी रिक्षा आल्या. तांग्यात बसायला माणसं मिळेनात. अब्बांनी घोडा विकला, तांगा काही दिवस दारात उभा होता, मग तोही गेला. कंदील तेवढा राहिला.

हे सगळं पुन्हा आठवायला निमित्त झालं ते माझ्या भाच्याच्या फोनचं. तो कामासाठी काही महिने अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटी नावाच्या गावी राहिला होता. एके दिवशी फोनवर म्हणाला, "मामू, इथं लोक बाजारहाटाला तांग्यातून जातात." मला ती थट्टा वाटली. त्याचा तांगा म्हणजे गोल्फ कार्ट. गोल्फच्या मैदानावर खेळाडूंना आणि त्यांच्या काठ्यांना इकडून तिकडे नेणारी, बाजूंनी उघडी, बॅटरीवर चालणारी बुटकी गाडी. आपल्याकडे ती मोठ्या हॉटेलांच्या आवारात दिसते, काही रेल्वे स्टेशनांच्या फलाटांवर म्हाताऱ्या माणसांना नेताना दिसते. त्या गावात मात्र ती घरोघरी आहे. दुकानात जायला, मुलांना शाळेत सोडायला, शेजाऱ्याकडे जायला लोक तीच काढतात. गावानं तिच्यासाठी वेगळ्या पायवाटांसारख्या वाटाच बांधल्या आहेत. शंभर मैलांहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबानं एकशे साठ किलोमीटरपेक्षा अधिक. झाडांतून जाणाऱ्या त्या वाटांवर चालणारी माणसं असतात, सायकली असतात आणि या गाड्या असतात.

पण अशा वाटा सगळ्या गावांत नाहीत. बाकी ठिकाणी ही बुटकी गाडी मोटारींच्या रस्त्यावर येऊ लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला. ती ना धड मोटार, ना धड खेळणं. मागून येणारा तिला मोटार समजून अंदाज बांधतो आणि जवळ आल्यावर कळतं की ही जवळजवळ उभीच आहे. म्हणून १९९८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनं सावकाश चालणाऱ्या वाहनांचा एक वेगळा वर्ग ठरवला. वेग ताशी वीस ते पंचवीस मैलांच्या दरम्यान, म्हणजे साधारण ३२ ते ४० किलोमीटर. असल्या गाडीला पुढे-मागे दिवे हवेत, वळण्याची खूण दाखवणारे दिवे हवेत, परावर्तक हवेत, आरसे हवेत, सीटबेल्ट हवेत. आणि बऱ्याच राज्यांनी आपल्या बाजूनं ठरवलं की, जिथं वेगाची मर्यादा ताशी ३५ मैलांपर्यंत आहे अशाच रस्त्यांवर ती चालवावी. म्हणजे दोन्ही बाजूंना बांधलं. सावकाश जाणाऱ्याला म्हटलं, तू दिसला पाहिजेस. वेगानं जाणाऱ्याला म्हटलं, जिथं हा आहे तिथं तू आवर.

त्याच देशात आमिश नावाचा एक श्रद्धाळू समाज आहे. ते मोटार बाळगत नाहीत. आजही घोड्याच्या काळ्या बग्गीतून हिंडतात. त्यांच्या बऱ्याच बग्ग्यांच्या पाठीमागे एक भगव्या-नारिंगी रंगाचा त्रिकोण असतो, त्याला लाल किनार. १९६०च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठातल्या लोकांनी ट्रॅक्टरला मागून होणाऱ्या धडकांचा अभ्यास करून तो तयार केला. त्याचा अर्थ एवढाच: मी हळू चाललोय, अंतर फार लवकर संपेल, सांभाळ. मला हे ऐकल्यावर आसाखालचा कंदील आठवला. मी भाच्याला म्हटलं, तुझ्या नानांनी हा शोध आधीच लावला होता.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उलटं उदाहरण बघा. माथेरानला मोटारींना बंदी आहे. तिथं घोडे, पायी चालणारे आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षा. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तिथं ई-रिक्षा प्रायोगिक पद्धतीनं चालवायला परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्या सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढण्याची पद्धत सहा महिन्यांत थांबवा आणि त्या रिक्षा ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा. फार चांगली गोष्ट झाली. पण माझ्या आजच्या विषयापुरतं बघा. तीच बॅटरीची गाडी अमेरिकेतल्या रस्त्यावर सगळ्यांत हळू आहे, आणि माथेरानच्या लाल मातीत तीच सगळ्यांत वेगवान. तिथं घोडं बुजणार नाही याची काळजी तिनं घ्यायची आहे. म्हणजे हळू आणि वेगवान अशा माणसांच्या दोन जाती नाहीत. आज जो दुधाचा कॅन घेऊन सायकलवर आहे, तोच रविवारी मेव्हण्याची जीप घेऊन निघतो. कालचा तांगेवाल्याचा मुलगा आज मोटार चालवतो.

इथं माझं दुसरं कारण येतं.

२०१९ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. वेल्ह्याच्या बाजूला एका शाळेत मुलांसमोर कविता म्हणून मी परत निघालो होतो. जुनीच घेतलेली माझी छोटी मोटार. एकटाच होतो. दिवस मावळला होता, पुरता अंधार पडला नव्हता. भाताची कापणी उरकलेली, शिवारात पेंढ्याचा वास. मार्गासनी मागे पडली. समोरून एक मोठी गाडी आली, तिचे दिवे पूर्ण वर. मी माझे दिवे खाली केले, तिनं केले नाहीत. ती निघून गेल्यावर क्षणभर डोळ्यांपुढं नुसतं काळं झालं. आणि त्या काळ्यातून एकदम पेंढ्याची भिंत पुढं उभी राहिली.

मी ब्रेक दाबला, चाक उजवीकडे फिरवलं. मोटारीचा डावा कोपरा गाडीच्या चाकाला लागला. गाडी फिरली, जू तिरकं झालं आणि डावीकडचा बैल गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला. त्याचा मागचा पाय गाडीखाली आला होता.

गाडीवान साठीच्या पुढचे. गावचे लोक त्यांना तात्या म्हणत होते. पेंढ्यावरून घसरून ते खाली पडले होते. उठले, आणि बैलाकडे जायच्या आधी माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, "लागलं का न्हाई कुठं तुम्हाला?"

मला काहीच लागलं नव्हतं. पाच-दहा मिनिटांत माणसं जमली. कुणी जू सोडलं, कुणी बैलाला पाणी आणलं. जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, या गाड्यांना दिवाच नसतो, मोटारवाल्यानं तरी काय करायचं? तात्यांनी मान हलवली. म्हणाले, "दिवा पायजे हुता. चूक माझीच हाय."

श्रोतेहो, मी त्या वेळी बोलायला हवं होतं. माझी गाडी साठच्या वेगात होती. डोळे दिपले तेव्हाच वेग कमी करायला हवा होता, तो मी केला नव्हता. घाई कसली होती ते आज आठवतही नाही. पण सगळे माझ्या बाजूनं बोलत होते, आणि मी गप्प राहिलो. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावण्याचे आणि औषधाचे पैसे दिले, तात्यांच्या हाताला हात लावला आणि घरी आलो. रात्री बायकोनं विचारलं, उशीर का झाला? तर सांगितलं, कार्यक्रम लांबला. मुलांसमोर माणुसकीवरच्या कविता म्हणून आलो होतो!

नंतर मी त्या संध्याकाळचा हिशेब मांडून बघितला. तुम्हीही मांडून बघा, शाळेतलं गणित आहे. ताशी साठ म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. डोळ्यांना धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात मोटार पंचवीस मीटर पुढं गेलेली असते. त्यानंतर चांगल्या, कोरड्या डांबरावरसुद्धा थांबायला आणखी वीस मीटर लागतात. एकूण पंचेचाळीस. खाली केलेल्या दिव्यांत पुढचं नीट दिसतं ते जेमतेम चाळीस मीटर. म्हणजे मला पाच मीटर कमी पडले. त्या शेवटच्या पाच मीटरांच्या तोंडाशी माझी गाडी अजून ताशी तीसच्या आसपास धावत होती.

आता वेग चाळीसचा धरा. दीड सेकंदात सतरा मीटर, ब्रेक लावल्यावर नऊ मीटर. सव्वीस मीटरमध्ये गाडी उभी. बैल आणि मोटार यांच्यामध्ये चौदा मीटर मोकळा रस्ता उरला असता. आणि पंधरा किलोमीटरच्या वाटेवर चाळीसऐवजी साठनं जाऊन आपण वाचवतो किती, तर साडेसात मिनिटं.

तसंच दुसऱ्या बाजूनंही मांडता येतं. त्या गाडीच्या मागे हातभर लांबीची एक लाल परावर्तक पट्टी असती, तर ती दिव्यांच्या झोतात शंभर-दीडशे मीटरवरून चमकली असती. मला दोन-अडीच सेकंदांऐवजी सहा ते नऊ सेकंद मिळाले असते.

दोन आठवड्यांनी मी तात्यांच्या घरी गेलो. बैल गोठ्यात उभा होता, पण पाय टेकत नव्हता. तो पुन्हा औताला चालला नाही. मी ओसरीवर बसलो आणि म्हटलं, "तात्या, त्या दिवशी मी गाडी जोरात चालवत होतो." ते म्हणाले, "ठावं हाय की मला. आवाजावरनं कळतं." मी विचारलं, मग तुम्ही तसं बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तुम्ही लई घाबरला हुता. आन् दिवा नव्हता, ते बी खरंच की."

दोन्ही खरं होतं. आज मला जे सांगायचं आहे ते तात्यांच्या या दोन वाक्यांत आहे. आपण नेहमी एकच बाजू धरून बसतो. मोटारवाला म्हणतो, ही जनावरं रस्त्यावर येतातच कशाला? गावकरी म्हणतो, या शहरवाल्यांना मस्ती आलीय. आणि दिवा लावायचा राहून जातो, वेगही कमी व्हायचा राहून जातो.

हा प्रश्न एका बैलाच्या पायाचा नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली १५ हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातली. शंभरातले सुमारे अडुसष्ट मृत्यू ग्रामीण भागातले. आणि शंभरातल्या सत्तरांहून अधिक मृत्यूंमागे कारण नोंदलं आहे ते अतिवेगाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला देशोदेशींचे मंत्री जमले होते. तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे की, जिथं माणसं आणि वाहनं नेहमी एकमेकांत मिसळतात तिथं वेग ताशी ३० किलोमीटरवर आणावा. नसरापूरची बाजारपेठ काय, एखाद्या वाडीतून जाणारा रस्ता काय, ही सगळी तीच ठिकाणं आहेत.

मग करायचं काय? आधी सावकाश जाणाऱ्यांचं बघू. बैलगाडी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, कारण ती यंत्रावर चालत नाही. तिला नंबर नाही, तपासणी नाही. म्हणजे तिच्या मागच्या दिव्याची आठवण त्या कायद्याचा कुणी माणूस येऊन करून देणार नाही. ती आपणच करायची. मागे लाल पट्टी, पुढे पांढरी पट्टी. पेंढा किंवा ऊस भरल्यावर पट्टी झाकली जाते, म्हणून ती आडव्या फळीला लावून भाऱ्याच्या बाहेर टांगायची. सायकलच्या मडगार्डला एक लावा, दुधाच्या कॅनला एक लावा. पोरांच्या दप्तरालाही लावा. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागची ट्रॉली दिसत नाही आणि पुढच्या गाण्यांच्या आवाजात मागचा हॉर्न ऐकू येत नाही. ट्रॅक्टर बंद पडला तर मागे दगड ठेवतात आणि ट्रॅक्टर गेल्यावर दगड तिथंच राहतात. रात्री दुचाकीवर येणाऱ्या पोराला तो दगड कसा दिसणार?

आता वेगात जाणाऱ्यांचं. वरंध घाटातून महाडला जाणाऱ्या जुन्या ड्रायव्हर मंडळींना एक रीत माहीत आहे. अरुंद चढावर दोन वाहनं समोरासमोर आली, तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. ही नुसती रीत नाही, वाहन चालवण्याच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. कारण साधं आहे. चढणाऱ्याची गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलायला त्रास होतो, उतरणाऱ्याला तो होत नाही. ज्याला थांबणं सोपं, त्यानं आधी थांबायचं. हाच न्याय सपाट रस्त्यावर लावा. मोटारीला थांबायला पायाचा एक दाब पुरतो. भरलेल्या गाडीच्या बैलांना थांबवणं आणि पुन्हा ओढायला लावणं हे किती कष्टाचं आहे ते ज्यानं जू धरलंय त्यालाच ठाऊक. बैलांच्या कानाशी हॉर्न वाजवू नका, जनावर बुजतं आणि नेमकं तुमच्याच बाजूला वळतं. समोरून कुणी येत असेल तर दिवे खाली करा. डोळे दिपले तर आधी वेग उतरवा. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

आणि तिसरा वाटेकरी म्हणजे स्वतः रस्ता. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला की आपण खूश होतो. पण कडेची साइडपट्टी हातभर खोल राहिली तर बैलगाडी खाली उतरणार कशी? पावसाळ्यानंतर वळणावरचं गवत पुरुषभर वाढतं, ते कापलं नाही तर पलीकडची म्हैस दिसणार कशी? शेतातून येणारी गाडीवाट जिथं डांबराला मिळते तिथं पाटी हवी. गतिरोधकावर पांढरे पट्टे हवेत, नाहीतर तोच अपघाताचं कारण होतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात १९८-अ हे नवं कलम आलं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता बांधला वा राखला नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला हरकत नाही. गवत लवकर कापलं जाईल!

त्याच दुरुस्तीतलं आणखी एक कलम लक्षात ठेवा, १३४-अ. अपघातातल्या माणसाला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दावा किंवा खटला होऊ शकत नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं कुणी रक्तात पडलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये. १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. तात्या दिवा लावायला विसरले असतील, पण आपला बैल पडलेला असताना आधी माझी विचारपूस करायला विसरले नाहीत.

मधे करोना आला. सगळेच रस्ते सुनसान झाले. तो ओसरल्यावर, २०२२ च्या बैलपोळ्याला तात्यांच्या गावच्या शाळेनं मला पुन्हा कविता म्हणायला बोलावलं. मी कवितांची वही नेली, आणि पिशवीत परावर्तक पट्टीची दोन मोठी रिंगं नेली. लाल एक, पांढरं एक. दोन माणसांनी रस्त्यावरच्या हॉटेलात बसून नाश्ता केला तर जेवढे पैसे होतात, तेवढ्यात एका गाडीचं काम भागतं. कविता दोनच म्हटल्या. मग पोरांना घेऊन बसलो. शिंगं रंगवलेली, झुली घातलेली जनावरं दारोदार उभी होती आणि पोरं गाड्यांच्या मागच्या फळ्या पुसून पट्ट्या चिकटवत होती. एकानं विचारलं, "चाचा, शिंगालाबी लावू का?" म्हटलं, लाव.

तात्यांच्या दावणीला एक जुना बैल आणि एक नवा खोंड होता. लंगडा बैल त्यांनी विकला नव्हता. गोठ्याच्या टोकाला तो एकटा उभा होता. पोळ्याचा मान म्हणून त्याच्याही गळ्यात माळ होती, शिंगांना हिंगूळ होता. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, तशी त्यानं मान खाली घेतली.

परत निघालो तेव्हा दिवस मावळत होता. आंबवण्याच्या अलीकडे पुढं दोन लाल ठिपके डुलताना दिसले. बऱ्याच लांबून दिसले. मी दिवे खाली केले, वेग उतरवला आणि त्या गाडीमागून सावकाश जात राहिलो. रस्ता वळणाचा होता, पुढं जाण्यासारखी जागा नव्हती. मागून एका मोटारीनं हॉर्न वाजवला. मी खिडकीतून हात बाहेर काढून तिला थांबायची खूण केली. सरळ रस्ता आल्यावर गाडीवानानं गाडी कडेला घेतली. पुढं जाताना मी हात केला. त्यानंही कासऱ्याचा हात वर केला.